उन्हाळी उमेदवारी : इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचे कारखान्यातील शिक्षण



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय घेतला आहे तो दिसावयास लहान आहे. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-सहा आठवडे एखाद्या कारखान्यात जातो आणि परत येताना एक दाखला घेऊन येतो. याला कोणी ट्रेनिंग म्हणतात, कोणी इंटर्नशिप म्हणतात. या सहा आठवड्यांत नेमके काय घडते, काय घडावयास हवे, आणि ते घडले नाही तर नुकसान कोणाचे होते, एवढाच विचार मला आपणापुढे मांडावयाचा आहे. विचार हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण घेऊन बोलणार आहे, आणि ते साखर कारखान्याचे आहे. कारण विद्यार्थिदशेत, १९८१ सालच्या उन्हाळ्यात, मी स्वतः सहा आठवडे पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्यात काढले होते.

या कामाला आपल्या भाषेत एक जुना आणि फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक येते. परंतु शब्द फारसीतून आलेला आहे, आणि उमेद बाळगणारा तो उमेदवार, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पूर्वी कचेरीत, पेढीवर किंवा छापखान्यात मुलगा बिनपगारी किंवा अल्प पगारावर राहून काम शिके, तेव्हा 'अमक्याकडे उमेदवारी करतो' असे म्हणत. कायद्याच्या मराठीत 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द अजून टिकून आहे. त्यात काम आहे, शिकणे आहे आणि आशाही आहे. दाखला मात्र त्या शब्दात कोठेच नाही.

ही कल्पना कोठून आली ते थोडक्यात पाहू. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज ज्या संस्थेतून वाढले ती १८५४ साली निघाली, तेव्हा तिचे नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असे होते. सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा तिचा हेतू होता. म्हणजे आपल्याकडील इंजिनिअरिंगचे शिक्षण आरंभापासून कामाला जोडलेले होते. पुढे पदवी आली, विद्यापीठाची परीक्षा आली, पुस्तके वाढली, आणि वर्ग व कारखाना यांच्यामधले अंतर हळूहळू वाढत गेले. ही अडचण केवळ आपलीच नव्हती. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने १९०६ साली एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांनी काही काळ वर्गात व काही काळ कारखान्यात असे आलटून पालटून शिकावे, अशी त्याची योजना होती. आपल्या देशात जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात निवडक तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन त्यांतून इंजिनिअर घडविण्याची योजना १९२७ साली सुरू झाली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविका घेतलेल्या तरुणांनाही त्यात जागा मिळाली. त्याच १९७३ साली पिलानीच्या संस्थेने विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून कारखान्यात पाठविण्यास आरंभ केला. आणि २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जो आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला त्यात इंटर्नशिप ही आवश्यक बाब ठरविली गेली.

म्हणजे कारखान्यात जावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. जाऊन काय करावे, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. आणि नियम करून तो सुटत नाही.

आता साखर कारखान्याकडे वळू. उन्हाळ्यात साखर कारखान्यात जाऊन काय पाहणार, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. उसाचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा चढू लागला की संपतो. मे महिन्यात गव्हाणीत ऊस नसतो, धुराडे थंड असते, आणि हंगामी कामगार आपापल्या गावी गेलेले असतात. माझ्याबरोबरच्या कित्येकांनी मोटारी आणि यंत्रे तयार करणारे मोठे कारखाने निवडले होते. बंद कारखान्यात जाणाऱ्या माझी त्यांना कीव आली.

परंतु शिकणाऱ्याला बंद कारखान्यासारखी दुसरी शाळा नाही. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. त्या वेळी विद्यार्थ्याला पत्र्याची आवरणे, वाफेचा आवाज आणि फिरणारी चाके यांपलीकडे काही दिसत नाही. आणि त्याच्याशी बोलावयास कोणाला सवडही नसते. हंगाम संपला की तोच कारखाना उघडला जातो. रोलर उचलून बाहेर काढतात, बेअरिंगे सुटी करतात, बॉयलरची दारे उघडतात, रस आटविण्याच्या भांड्यांत माणसे उतरून नळ्या घासतात. पाच-सहा महिन्यांत प्रत्येक भाग कोठे व किती झिजला, हे डोळ्यांनी दिसते आणि बोटांनी चाचपता येते. वैद्यकीचा विद्यार्थी शवविच्छेदनाने शरीर शिकतो. येथे तर जे उघडलेले असते ते पुन्हा जोडून चालू करावयाचे असते.

कारखान्यात गेलो त्या दिवशी कचेरीतील एका गृहस्थांनी मला सरळ सांगितले की, आठवड्यातून एकदा येऊन हजेरीपटावर सही केली तरी चालेल, शेवटच्या दिवशी दाखला तयार मिळेल. यात त्यांचा दुष्टावा नव्हता. येणारा प्रत्येक विद्यार्थी हेच मागतो, अशी त्यांची समजूत झाली होती, आणि ती अनुभवावरून झाली होती. मिल हाऊसमध्ये गेलो तर तेथील हेड फिटर, ज्यांना सगळा कारखाना नुसते 'मिस्त्री' म्हणे, त्यांनीही हाच प्रश्न आपल्या भाषेत विचारला : "काय पाव्हणं, हात काळं करायला आलाय का नुस्ती सही पायजे?" काम बघावयाचे आहे, असे मी म्हटल्यावर त्यांनी चिंध्यांचा बोळा व रॉकेलचे डबडे माझ्या हाती दिले आणि एका बेअरिंगवरचे ग्रीस पुसावयास सांगितले. दोन दिवस मी तेच केले. या दोन दिवसांत त्यांना माझी परीक्षा घ्यावयाची होती हे उघड आहे; परंतु पुसता पुसता त्या बेअरिंगवरचे ओरखडे मला पाठ झाले, हाही त्याचा एक उपयोग झाला.

आता प्रत्यक्ष यंत्राविषयी थोडे सांगतो. उसाचे आधी तुकडे करून तो पिंजून काढतात, आणि मग तो एकामागोमाग उभ्या असलेल्या चार-पाच मिलमधून जातो. प्रत्येक मिलमध्ये मुख्य असे तीन रोलर असतात. एक वर आणि दोन खाली, अशी त्यांची त्रिकोणी मांडणी असते. ऊस आत शिरतो तो वरचा रोलर आणि आतल्या बाजूचा रोलर यांच्या फटीतून. बाहेर पडतो तो वरचा आणि बाहेरच्या बाजूचा रोलर यांच्या फटीतून. रोलर म्हणजे पोलादी दांड्यावर तापवून चढविलेले बिडाचे जाड कवच. त्यावर सभोवार खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे उसाला पकड मिळते आणि रसाला वाट मिळते.

हे रोलर फार सावकाश फिरतात. मिनिटाला चार-पाच फेरे, एवढीच त्यांची गती. मात्र त्यांना फिरविणारे वाफेचे टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेत असते. पहिल्या पाहणीत विद्यार्थ्याला जो प्रश्न पडतो तो हाच की, टर्बाइनचा दांडा मनगटाएवढा आणि रोलरचा दांडा हत्तीच्या पायाएवढा, असे का? शक्ती तर तीच आहे.

याचे उत्तर वर्गात शिकलेल्या एका साध्या सूत्रात आहे. शक्ती म्हणजे पीळ गुणिले गती. समजा, टर्बाइन ३०० किलोवॅट शक्ती देते आणि मिनिटाला ४,००० फेरे घेते. हिशेब केला तर त्याच्या दांड्यावरचा पीळ सुमारे ७३ किलो-मीटर येतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ७३ किलोचा माणूस लोंबकळला तर जेवढा पीळ पडेल तेवढा. आता दातेरी चाकांच्या जोड्यांनी गती हजारपट कमी करून मिनिटाला चार फेरे केली, की पीळ हजारपट वाढतो. मधले घर्षण सोडून दिले तर त्याच दांड्याच्या टोकाला ७३ टन वजन टांगल्यासारखे होते. दांडा जाड का, हे आता सांगावे लागत नाही. हे सूत्र मी दोन वर्षे वहीत लिहीत होतो. परंतु त्या दांड्याला मिठी मारून पाहिल्यावर आणि हात पुरत नाहीत असे कळल्यावर ते सूत्र माझे झाले.

या ठिकाणी पुस्तकाने कारखाना समजला. आता याच्या उलट उदाहरण घेऊ.

रोलर पुन्हा बसविताना त्यांच्यामधल्या फटी ठरवाव्या लागतात. साधारण नियम असा की, ऊस शिरण्याच्या बाजूची फट बाहेर पडण्याच्या बाजूच्या फटीच्या सुमारे दुप्पट ठेवतात, म्हणजे उसावरील दाब क्रमाने वाढतो. परंतु यात एक मेख आहे. वरचा रोलर एका जागी घट्ट बसविलेला नसतो. तेलाच्या दाबाने तो खाली रेटलेला असतो आणि ऊस आला की थोडा वर उचलला जातो. म्हणून बंद मिलमध्ये जी फट ठेवावयाची ती चालू मिलमधील फटीपेक्षा कमी असावी लागते. किती कमी? कारखान्याच्या चीफ इंजिनिअरांनी त्यासाठी उसातील तंतूंचे प्रमाण, रोजचे गाळप, रोलरचा व्यास असा सगळा हिशेब कागदावर केला होता. तो कागद घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आकडे वाचले, मान डोलावली, आणि मग विचारले की, अमक्या मिलचे डावीकडचे बेअरिंग उजवीकडच्यापेक्षा जास्त झिजले आहे, हे कागदात धरले आहे काय? ते धरलेले नव्हते. ती झीज दोन दिवस मी स्वतः पुसत होतो. त्यांचे म्हणणे चीफ इंजिनिअरांच्या कानावर घातले, तेव्हा ते लगोलग खाली आले, फीलर गेज लावून त्यांनी फट पाहिली, आणि दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे लिहून दिले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. इंजिनिअर कसा असावा, याचा तो धडा मला कोणत्याही वर्गात मिळाला नव्हता.

या दोन रोलरांच्या मध्ये खाली एक वाकडी पोलादी पट्टी असते. तिला ट्रॅश प्लेट म्हणतात. पहिल्या फटीतून निघालेला चोथा तिच्यावरून सरकत दुसऱ्या फटीत जातो. ही पट्टी थोडी उंच बसली तर चोथा तिच्यावर घासून शक्ती फुकट जाते आणि मिल तुंबते. थोडी खाली बसली तर चोथा मध्येच साचून रसाची वाट अडवितो. तिची आकृती कागदावर पूर्ण मापाने काढून, तीवरून पत्र्याचा नमुना कापून, तो प्रत्यक्ष रोलरांमध्ये धरून पाहतात. ते काढण्याचे काम माझ्याकडे आले. ड्रॉइंगच्या तासाला जे मला शिक्षेसारखे वाटत असे, ते येथे कामाला आले.

आता कोणी म्हणेल, या चार मिलिमीटरांच्या गोष्टींत एवढे काय आहे? म्हणून एक हिशेब सांगतो. त्या काळी रोज १,२५० टन ऊस गाळण्याची शक्ती असलेले कारखाने आपल्याकडे पुष्कळ होते. असा कारखाना १६० दिवस चालला तर २,००,००० टन ऊस गाळला जातो. उसाच्या सुमारे ३० टक्के चोथा, म्हणजे बगॅस, निघतो. तो झाला ६०,००० टन. हा चोथा बॉयलरमध्ये जळतो. त्यात थोडी साखर राहतेच. ती पूर्णपणे कधी निघत नाही. परंतु मिलची बसवणी चांगली नसल्यामुळे चोथ्यातील साखर २ टक्क्यांऐवजी अडीच टक्के राहिली, तर अर्धा टक्का म्हणजे ३०० टन साखर जास्तीची जळाली. तीन हजार क्विंटल! ती सर्वच्या सर्व पोत्यात आली असती असे नव्हे, पण तिच्यातील मोठा भाग आला असता. सहकारी कारखान्यात ही साखर कोणाची? ज्याने बारा-चौदा महिने उसाला पाणी दिले आणि रात्रीच्या पाळीला मोट किंवा पंप सांभाळला त्या सभासद शेतकऱ्याची. उसाचा भाव उताऱ्यावर ठरतो आणि उतारा या फटींवर अवलंबून असतो. मे महिन्यात कोणी तरी फीलर गेज नीट लावले की नाही, याचे उत्तर पुढच्या मार्चमध्ये शेतकऱ्याच्या बिलात मिळते. इंजिनिअरच्या कामाची जबाबदारी ही अशी दूरवर पसरलेली असते; पदवीच्या चार वर्षांत ती कोणी मला दाखविली नव्हती.

बेअरिंगचे काम हे तर हाताचेच शास्त्र आहे. रोलरच्या दांड्यावर निळा रंग अगदी पातळ लावतात, बेअरिंग त्यावर बसवून थोडे फिरवितात आणि उचलून पाहतात. जेथे निळा डाग पडला तो भाग उंच. तो स्क्रेपरने अगदी हलक्या हाताने खरवडावयाचा, पुन्हा रंग, पुन्हा फिरविणे, पुन्हा डाग पाहणे. सर्व पृष्ठभागावर बारीक डाग सारखे पसरले की बेअरिंग बसले असे समजावयाचे. हे काम दिवस दिवस चालते. स्क्रेपर किती दाबावा, हे सांगता येत नाही. दहा वेळा दाबून पाहावे लागते. जे सांगता येत नाही ते ज्ञानच नव्हे, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात आहे. तो टाकून द्यावयाचा असेल तर त्या कामावर एक आठवडा बसावे.

तथापि, मिस्त्रींचे सर्व बरोबर आणि पुस्तकाचे सर्व चूक, असा निष्कर्ष मला काढावयाचा नाही. तोही एक भाबडेपणाच होईल. रस आटविण्याची चार भांडी ओळीने असतात. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्याला तापविते, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. शेवटच्या भांड्यात निर्वात स्थिती ठेवलेली असते, त्यामुळे तेथे रस ५५ ते ६० अंशांच्या आसपासच उकळतो. अशा रीतीने एक किलो वाफेत सुमारे चार किलो पाणी उडते. रसात शंभरातले पंधरा भाग घन पदार्थ धरले आणि पाक साठ टक्क्यांचा करावयाचा म्हटले, तर शंभर किलो रसातून पंचाहत्तर किलो पाणी काढावे लागते. हे काम एकाच भांड्यात केले असते तर कारखान्याचा सगळा चोथा जाळूनही पुरला नसता. नळ्या घासणाऱ्या कामगारांना शेवटच्या भांड्यातील कीट सर्वांत चिवट असते हे ठाऊक होते. पण ते तेथेच का, हे ठाऊक नव्हते. रस घट्ट होत जातो तसे त्यात विरघळलेले क्षार बाहेर पडून नळीला चिकटतात आणि तो थर उष्णतेला अडवितो, हे मी जेवणाच्या सुट्टीत जमिनीवर खडूने काढून दाखविले. त्या दिवसापासून मिस्त्री मला अधूनमधून 'मास्तर' म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी त्या भांड्यात उतरलेल्या दोघा कामगारांनी कोणत्या नळीत थर किती, हे मला येऊन सांगितले. ज्याला कारण कळते तो काम अधिक लक्षपूर्वक करतो, हे त्या दिवशी मला पटले. शिकणे हे दोन्ही दिशांनी चालते. आणि कारखान्याने विद्यार्थ्याला दारात घेण्याचे हेही एक कारण आहे.

आता एक गोष्ट सुरक्षिततेची. गव्हाणीच्या साखळीखाली उतरून तिच्या कड्या मोजावयाच्या होत्या. मिस्त्रींनी आधी मला खाली जाऊ दिले नाही. ते स्वतः स्विचबोर्डापाशी गेले, मोटारीचे तिन्ही फ्यूज काढले आणि आपल्या खिशात टाकले. म्हणाले, "हे माझ्या खिशात हायेत तवर आत ऱ्हायाचं. मी जेवायला गेलो तर तुमीबी भाईर." सर्व काम बंद असलेल्या कारखान्यात ही काळजी मला प्रथम जादा वाटली. परंतु विचार केल्यावर लक्षात आले की, दुरुस्तीच्या दिवसांतच धोका अधिक असतो. हंगामात साखळी चालू असते, म्हणून तिच्याजवळ कोणी जात नाही. उन्हाळ्यात ती बंद आहे असे सगळे धरून चालतात, आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला कोणी तरी मोटार तपासावयाची म्हणून बटण दाबण्याचा संभव असतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रांना कुंपण घालण्याविषयी आणि विषारी वायू साचण्याचा संभव असलेल्या बंदिस्त जागेत उतरण्याविषयी स्वतंत्र कलमे घातली गेली होती. पुढे नोकरीत स्विचला कुलूप व त्यावर नावाची पाटी लावण्याची पद्धत मला शिकविण्यात आली, तेव्हा तिचे तत्त्व मला नवे वाटले नाही. ते मी एका खिशात पाहिले होते.

सहा आठवडे संपले. मी रोज रात्री रोजनिशी लिहीत असे; मापे, आकृत्या, विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे मिळून दोनशे पाने झाली होती. महाविद्यालयात तोंडी परीक्षेला ती घेऊन गेलो. परीक्षकांनी दाखल्यावरचा शिक्का पाहिला, दिवसांची संख्या मोजली आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलाविले. रोजनिशी उघडली गेली नाही. माझ्यामागे जो होता तो आठवड्यातून एकदा सही करून आला होता. त्यालाही तेवढेच गुण मिळाले.

याचे मला त्या वेळी वाईट वाटले. पण आज जे वाटते ते वेगळे आहे. ज्या मिस्त्रींनी मला शिकविले त्यांच्यापाशी पंचवीस वर्षांचे ज्ञान होते आणि कागद एकही नव्हता. त्यामुळे ते हेड फिटरच्या वर कधी जाणार नव्हते, आणि त्यांना ते माहीत होते. दुसरीकडे काही विद्यार्थ्यांपाशी कागद होता आणि ज्ञान नव्हते; त्यांना मात्र पुढे मिस्त्रींसारख्यांवर अधिकारी म्हणून जावयाचे होते. ज्या समाजात हाताने काम करणारा एका पंगतीला आणि कागद वाचणारा दुसऱ्या पंगतीला, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली, त्या समाजात उन्हाळ्याचे हे सहा आठवडे दोन्ही पंगती एकत्र आणण्याचे थोड्या साधनांपैकी एक साधन आहे. आपण त्याचाही दाखला करून टाकला, तर ही वाटणी मोडत नाही. उलट तिच्यावर शिक्का बसतो.

हे आज अधिकच लागू आहे. २०१८ नंतर इंटर्नशिप आवश्यक झाली, त्यामुळे ती मागणाऱ्यांची संख्या वाढली. सगळ्यांना सामावून घेतील एवढे कारखाने कोठून आणावयाचे, ही अडचण खरी आहे. मग घरबसल्या यंत्रासमोर न जाता इंटर्नशिप, पैसे मोजून दाखला, असे प्रकार सुरू होतात. संगणकावर काम करणाऱ्यांचे कारखाने संगणकातच असतात, त्यांना मी नावे ठेवीत नाही. परंतु ज्याला बॉयलर, पूल किंवा विजेची वाहिनी सांभाळावयाची आहे, त्याने ती कधी उघडी पाहिलीच नसेल, तर त्या अज्ञानाची किंमत तो स्वतः देत नाही; ती त्या यंत्राखाली काम करणारा माणूस देतो.

तेव्हा करावे काय? मोठ्या योजना मी सुचवीत नाही. तिघांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात.

विद्यार्थ्याने मोठ्या नावाचा कारखाना शोधण्याऐवजी उघडलेला कारखाना शोधावा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, कोल्हापुरात ओतशाळा आहेत, इचलकरंजीत माग आहेत, एस. टी. ची आगारे आणि पाणीपुरवठ्याची पंपघरे आहेत. जेथे दुरुस्ती चालते तेथे शिक्षण असते. तेथे जाऊन पहिले दोन दिवस जे काम सांगतील ते करावे, आणि रोज रात्री एक प्रश्न लिहून ठेवावा. सहा आठवड्यांत निदान तीस प्रश्न होतील. त्यांपैकी निम्म्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत.

महाविद्यालयाने दाखला पाहण्याऐवजी रोजनिशी वाचावी. प्रत्येक विद्यार्थ्याला दहा मिनिटे द्यावीत आणि एकच प्रश्न विचारावा : 'तू पाहिलेला एक भाग कसा झिजला होता आणि का, ते आकृती काढून सांग.' जो गेला नव्हता त्याला हे उत्तर देता येणार नाही.

कारखान्याने विद्यार्थ्याला कचेरीत न बसविता एका जाणत्या कामगाराच्या हाती सोपवावे, आणि त्या कामगाराच्या शिकविण्याची नोंद करावी. त्याला त्याबद्दल थोडा भत्ता द्यावा, निदान वार्षिक सभेत त्याचा उल्लेख करावा. दाखल्यावर चीफ इंजिनिअरच्या सहीशेजारी त्या मिस्त्रीचीही सही असावी. ती सही घेण्यासाठी विद्यार्थ्याला त्याच्यापर्यंत चालत जावे लागेल, आणि तेवढ्याने पुष्कळ काम होईल.

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे या उन्हाळ्यात अशा सहा आठवड्यांसाठी कोठे तरी जातील. ती घरी आल्यावर दाखला मिळाला का, असे त्यांना विचारू नका. काय उघडलेले पाहिले आणि कोणी दाखविले, हे विचारा. त्या माणसाचे नाव त्यांना सांगता आले, तर सहा आठवडे वाया गेले नाहीत, असे खुशाल समजा.